मेहेरबाबांची दोन पदके

मेहेरबाबा म्हटले की मराठी माणसाला मेहेराबाद आठवते. हवाई दलात मात्र हे नाव एअर कमोडोर मेहेर सिंग यांचे. १९१५ साली लायलपूर येथे जन्मलेल्या आणि इंग्लंडमधील क्रॅनवेलला प्रशिक्षण घेतलेल्या या वैमानिकाची दोन पदके आजही आदराने आठवली जातात.

पहिले ब्रिटिशांनी दिलेले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांच्या सहाव्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने जपानी ठाण्यांची छायाचित्रे टिपून आणत. चौदाव्या सेनेचे डोळे अशीच या तुकडीची ख्याती झाली. १९४४ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे भारतीय हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी.

दुसऱ्या पदकाची कथा निराळी आहे. काश्मीरच्या युद्धात वेढ्यात सापडलेल्या पूंछला त्यांनी हवाईमार्गे रसद पोहोचवली. पुढे २४ मे १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन त्यांनी डाकोटा थेट लेहला उतरवले. धावपट्टी नुकतीच तयार केलेली, उंची साडेदहा हजार फुटांहून अधिक आणि हवाई मार्ग सर्वस्वी अनोळखी! कुमक पोहोचण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

त्याच वर्षी वरिष्ठांशी मतभेद होऊन त्यांनी राजीनामा दिला. वय अवघे ३३. महावीर चक्र हे पदकच मुळी २६ जानेवारी १९५० रोजी, पूर्वलक्षी प्रभावाने स्थापन झाले. ते मेहेर सिंग यांना लाभले तेव्हा त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.