मादाम क्युरींची एक्स-रे शाळा

शहापूरसारख्या गावातून बारावी विज्ञान करून एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलामुलींना कामाला लागताच छातीवर लावायला एक छोटा बिल्ला मिळतो. अंगावर किती किरणे पडली, याचा हिशेब तो ठेवतो. ठराविक मुदतीने तो तपासणीला पाठवावा लागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते आणि बिल्ला टेबलाच्या खणात पडून राहतो. हे काम शिकवणारी एक शाळा शंभर वर्षांपूर्वी मादाम क्युरींनी काढली होती. त्या शाळेत असा बिल्ला नव्हता.

मारी क्युरींचा जन्म 1867 मध्ये पोलंडमधील वॉर्सात झाला. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून त्या 1891 मध्ये पॅरिसला गेल्या. पुढे पती पिएर यांच्यासोबत पोलोनियम आणि रेडियमचा शोध, 1903 आणि 1911 ची नोबेल पारितोषिके, 1906 मध्ये पिएर यांचा अपघाती मृत्यू, ही कहाणी शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांना माहीत असते. युद्धातले त्यांचे काम मात्र फारसे कुणी सांगत नाही.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यांनी संस्थेकडचे रेडियम शिशाच्या पेटीत घालून रेल्वेने बोर्दो शहरी सुरक्षित ठेवले आणि त्या पॅरिसला परतल्या. आघाडीवर सैनिक गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जखमी होत होते. तुकडा नेमका कुठे रुतला आहे हे कळत नसल्याने शल्यविशारद अंदाजाने चिरफाड करत. एक्स-रेचा शोध 1895 चा, पण यंत्रे मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत. मग यंत्रच जखमींकडे न्यायचे, असे मारींनी ठरवले. मोटारीत एक्स-रे यंत्र बसवले, त्याला वीज पुरवायला मोटारीच्याच इंजिनावर फिरणारा डायनॅमो जोडला. अशा सुमारे 20 गाड्या तयार झाल्या. शिवाय 200 ठिकाणी कायमची एक्स-रे केंद्रे उभी राहिली. सैनिक या गाड्यांना ‘छोट्या क्युरी’ म्हणत. मारी स्वतः शरीररचनाशास्त्र शिकल्या आणि 1916 मध्ये त्यांनी मोटार चालवण्याचा परवानाही घेतला. दोन नोबेल मिळवलेली, पन्नाशीला टेकलेली बाई नव्याने विद्यार्थी झाली होती.

गाड्या झाल्या, पण यंत्र चालवणारे हात हवे होते. 1916 मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी प्रशिक्षण सुरू केले. वीज कशी वाहते, किरण कसे निघतात, हाडे कशी ओळखायची, अंधाऱ्या खोलीत काच कशी धुवायची, हे सारे काही आठवड्यांत शिकवायचे. काही विद्यार्थिनींचे शिक्षण अगदी बेताचे होते, तरी त्या शिकल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे 150 जणी तयार झाल्या. शिकवायला मारींची थोरली मुलगी इरीनही होती. अठराव्या वर्षीच तिने बेल्जियमच्या आघाडीवरील इस्पितळात एक्स-रे विभाग सांभाळला होता. शरीरात रुतलेला तुकडा किती खोल आहे, हे भूमितीने कसे काढायचे ते तिने तिथल्या वयाने थोर असलेल्या डॉक्टरला पटवून दिले. युद्धकाळात या यंत्रांनी दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली, असे मानले जाते.

स्वतःच्या संरक्षणाची सोय मात्र तुटपुंजी होती. कापडी हातमोजे, एखादा धातूचा आडोसा आणि शक्यतो किरणांच्या वाटेत न येणे, एवढेच. क्ष-किरणांनी कातडी भाजते हे तोवर माहीत झाले होते, पण थोड्या थोड्या मात्रेने वर्षानुवर्षे रक्तावर काय होते, याची कल्पना कमी होती. आणि दारात जखमी आलेला असताना कोण थांबणार?

4 जुलै 1934 रोजी मारी गेल्या, वय 66. अस्थिमज्जेत रक्त तयार होणेच थांबले होते. सगळ्यांनी दोष रेडियमला दिला. 1995 मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना शवपेटी तपासली, तेव्हा रेडियमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. त्यामुळे युद्धातले उघडे एक्स-रेच या आजाराला अधिक कारणीभूत असावेत, असे मत फ्रेंच तज्ज्ञांनी मांडले. इरीनलाही पुढे 1935 मध्ये नोबेल मिळाले. 1956 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा ती 58 वर्षांची होती.