विश्लेषण : दीर्घिकांच्या जन्माचे गणित मांडणारे लिफशित्झ कोण होते?

आरंभीचे विश्व जवळपास एकसारखे होते. मग त्यात दीर्घिका कशा तयार झाल्या? या प्रश्नाचे पद्धतशीर गणित १९४६ मध्ये येवगेनी लिफशित्झ यांनी मांडले. गणित अचूक होते, निष्कर्ष मात्र टिकला नाही.

लिफशित्झ कोण?
२१ फेब्रुवारी १९१५ रोजी आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह येथे एका डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. धाकटे भाऊ इल्याही भौतिकशास्त्रज्ञ झाले. खारकीव्हमध्येच ते लेव्ह लांडाऊ यांचे शिष्य झाले. गुरु-शिष्यांनी लिहायला घेतलेली पाठ्यपुस्तके जगभर गाजली. १९६२ मधील मोटार अपघातानंतर लांडाऊ संशोधनात परतू शकले नाहीत. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेले काम लिफशित्झ यांनी सहकाऱ्यांसह पूर्ण केले आणि १० खंडांची मालिका उभी राहिली.

१९४६ चे गणित काय होते?
एखाद्या ठिकाणी द्रव्य किंचित जास्त असेल, तर गुरुत्वाकर्षणामुळे तिथे आणखी द्रव्य ओढले जाते. पण विश्व प्रसरण पावत असल्याने ही वाढ मंदावते. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून लिफशित्झ यांनी हे चढ-उतार तीन प्रकारांत विभागले : घनतेचे, भोवऱ्यांसारखे आणि गुरुत्वीय लहरींचे.

निष्कर्ष का टिकला नाही?
वाढ इतकी संथ, की अणूंच्या नेहमीच्या हालचालींतून होणारे नगण्य चढ-उतार दीर्घिकांएवढे होणे अशक्य होते. त्यामुळे दीर्घिका अशा मार्गाने बनल्या नसाव्यात, असे त्यांना वाटले. मात्र सुरुवातीचे चढ-उतार त्याहून बरेच मोठे होते. १९९२ मध्ये ‘कोबी’ उपग्रहाच्या नोंदींत वैश्विक पार्श्वप्रारणाच्या तापमानात सुमारे एक लाखात एक इतका फरक आढळला. कृष्णद्रव्याची जोड मिळाल्यावर दीर्घिकांचा हिशेब जुळू लागला. हे पाहायला लिफशित्झ नव्हते; २९ ऑक्टोबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले होते.

आज हे गणित का हवे?
विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये समजले. याला कृष्णऊर्जा कारणीभूत, की गुरुत्वाकर्षणाचा नियमच दूरवर बदलतो? प्रसरणाचा वेग दोन्हींत सारखा येऊ शकतो. चढ-उतार वाढण्याचा वेग मात्र वेगळा पडू शकतो. म्हणून गुरुत्वाकर्षणाचा प्रत्येक नवा सिद्धान्त लिफशित्झ यांच्या पद्धतीने पुन्हा सोडवावा लागतो. २०२३ मध्ये झेपावलेली ‘युक्लिड’ दुर्बीण दीर्घिकांच्या नकाशातून हाच वेग मोजते आहे.