पतसंस्था बुडाली, पण शेडमधून नूडल्सचा उद्योग उभा राहिला

झटपट नूडल्सची पाकिटं आज खेड्यातल्या किराणा दुकानातही लटकलेली दिसतात. त्या शोधून काढणारे मोमोफुकू आंदो मात्र वयाच्या ४७व्या वर्षी पार कफल्लक झाले होते.

आंदो मूळचे तैवानचे. जन्म ५ मार्च १९१०. तेव्हा तैवानवर जपानचं राज्य होतं. आईवडील लहानपणीच गेले. आजी-आजोबांचं कापडाचं दुकान होतं, धंद्याचं बाळकडू तिथेच मिळालं. विशीत स्वतःचा कापड व्यवसाय काढला आणि पुढे ते जपानमधल्या ओसाकाला आले.

युद्धात ओसाका बेचिराख झालं. एका गरम रामेनच्या गाडीपुढे थंडीत कुडकुडत उभी असलेली लांबलचक रांग त्यांनी पाहिली, ती कायमची लक्षात राहिली. त्यानंतरचा काळ कठीण गेला. करचुकवेगिरीच्या आरोपावरून तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर ते एका पतसंस्थेचे चेअरमन झाले आणि १९५७ मध्ये ती संस्थाच बुडाली. पतसंस्था बुडाली की चेअरमनचं काय होतं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मालमत्ता गेली, राहतं घर तेवढं उरलं.

ओसाकाजवळच्या इकेडा गावात याच घराच्या परसात त्यांनी एक शेड उभी केली. आत नूडल्स करायचं जुनं मशीन, कढई, पीठ, बस्स. नूडल्स टिकाऊ हव्यात, स्वस्त हव्यात आणि नुसत्या गरम पाण्यात व्हायला हव्यात, एवढंच डोक्यात. वर्षभर प्रयोग फसत राहिले. अडलं होतं ते वाळवण्यापाशी. एक दिवस बायको तेलात तेम्पुरा तळत होती. पिठातलं पाणी बुडबुडे होऊन बाहेर पडताना त्यांनी पाहिलं आणि कोडं सुटलं. नूडल्स तळल्या की पाणी निघून जातं, बारीक छिद्रं राहतात. नंतर त्याच छिद्रांतून गरम पाणी आत शिरतं आणि नूडल्स पुन्हा मऊ होतात.

२५ ऑगस्ट १९५८ ला 'चिकन रामेन' बाजारात आलं. किंमत ३५ येन. ताज्या नूडल्सच्या मानाने हे महागच होतं, तरी माल धडाधड खपला. त्याच वर्षी कंपनीचं नाव निस्सिन झालं. आपल्याकडे मिळणारं टॉप रामेन याच कंपनीचं.

पुढे अमेरिकेत लोक नूडल्स मोडून कपात टाकून काट्याने खाताना त्यांना दिसले. त्यातून १९७१ मध्ये कप नूडल्स आले. नूडल्स कपात भरताना तिरक्या व्हायच्या. तेव्हा कप उलटा करून वरून नूडल्सवर बसवायची युक्ती त्यांनी काढली.

नक्कल करणारे पुष्कळ निघाले. आंदोंनी आधी हक्कासाठी भांडण केलं, पण १९६४ मध्ये उत्पादकांची संघटना बांधून तंत्र इतरांनाही वापरायला दिलं. धंदा एकट्याचा न राहता उद्योग झाला, तो इथून.

इकेडात आज त्यांचं संग्रहालय आहे. तिथे ती शेड जशीच्या तशी उभारली आहे. मुलं स्वतः पीठ मळतात, लाटतात, नूडल्स कापतात. कपावर चित्रं काढून आतला मसाला निवडतात. शेडमध्ये महागडं यंत्र एकही दिसत नाही, आणि बघण्यासारखं तेच आहे.

२००५ मध्ये त्यांच्या नूडल्स अंतराळात गेल्या. ५ जानेवारी २००७ ला, ९६व्या वर्षी आंदो गेले. सगळं बुडाल्यावर त्यांना जवळपास पन्नास वर्षं मिळाली, आणि नाव झालं ते त्याच वर्षांत.