गृहसौंदर्याचा उपासक : विल्यम मॉरिस

थोर पुरुषांच्या चरित्रांत बहुधा रणांगणें व राजसभा यांचेंच वर्णन आढळतें. आज आम्ही ज्या इंग्रज कलावंताची ओळख विद्यार्थ्यांस करून देणार आहों, त्याचें कार्य मात्र स्वतःच्या घराच्या चार भिंतींपासून सुरू झालें.

विल्यम मॉरिस याचा जन्म २४ मार्च १८३४ रोजीं लंडनजवळ वॉल्थमस्टो येथें एका सधन कुटुंबांत झाला. धर्मोपदेशक व्हावें या हेतूनें तो ऑक्सफर्डला गेला. परंतु तेथें त्याचें मन कलेकडे वळलें. १८५९ मध्यें जेन बर्डन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. फिलिप वेब या मित्रानें त्याच्यासाठीं बेक्स्लीहीथ येथें तांबड्या विटांचें घर बांधलें. बाजारांतील सामान मॉरिसच्या मनास येईना. तेव्हां मित्रांनीं मिळून भिंती व छतें रंगविलीं, पत्नीनें पडद्यांवर भरतकाम केलें. या उद्योगांतूनच १८६१ मध्यें गृहशोभेच्या वस्तू करणारी त्यांची पेढी निघाली.

तें लाडकें घर पांचच वर्षांत सोडावें लागलें. पुढें १८७६ मध्यें थोरली कन्या जेनी हिला अपस्मार जडला. तिची काळजी मॉरिसनें अखेरपर्यंत वाहिली. तरीही घरावरील त्याचें प्रेम आटलें नाहीं. केल्मस्कॉट गांवीं १८७१ पासून भाड्यानें घेतलेलें जुनें घर त्याच्या मालकीचें कधींच झालें नाहीं. पण त्यानें तें जिवापाड जपलें. तेथील बागेंत पक्षी स्ट्रॉबेरी चोरून नेत. त्यानें त्यांस हुसकावूं दिलें नाहीं; उलट १८८३ मध्यें त्या चोरांनाच कापडावरील नक्षींत मानाचें स्थान दिलें. त्या कापडास लागणारी निळीची रंगाई त्यानें पूर्वींच स्वतःचे हात कोपरापर्यंत निळे करून साधली होती.

एक शल्य मात्र त्यास सलत राही. हातानें केलेल्या त्याच्या वस्तू महाग पडत व श्रीमंतांच्याच घरीं जात. गरिबाच्या घरींही सौंदर्य नांदावें, या तळमळीनें तो १८८३ मध्यें समाजवादी चळवळींत शिरला व रस्त्यांवर उभा राहून व्याख्यानें देऊं लागला. ३ ऑक्टोबर १८९६ रोजीं तो निवर्तला. त्याचें दफन केल्मस्कॉट येथेंच झालें.

जें लाभलें, मग तें भाड्याचें कां असेना, त्याची प्रेमानें निगा राखणें हें कृतज्ञतेचेंच एक रूप आहे, असें आम्हांस वाटतें. झाडलेलें अंगण व नीट रचलेलीं पुस्तकें यांस द्रव्य लागत नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरीं आजच आरंभ करून पाहावा.