टेबल आपोआप फिरायचं, लोक म्हणायचे आत्मा आला. फॅरेडेंनी गवताच्या काडीने खरं कारण दाखवलं

साल होतं १८५३. लंडनमधल्या दिवाणखान्यांत एका खेळाचं वेड पसरलं होतं. चार-पाच जण टेबलाभोवती बसायचे, त्यावर हात ठेवायचे आणि वाट बघायचे. थोड्या वेळाने टेबल चक्क फिरायला लागायचं. कुणी म्हणायचं आत्मा आला, कुणी म्हणायचं ही वीज आहे.

आता विजेचं नाव निघालं की लोक एकाच माणसाला गाठायचे, मायकेल फॅरेडे. आजही जनित्रं ज्या तत्त्वावर चालतात, ते त्यांनी १८३१ मध्ये शोधलं होतं. टेबलाबद्दल विचारणारे इतके झाले की शेवटी त्यांनी स्वतःच प्रयोग करायचं ठरवलं.

खरंतर फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली. १४व्या वर्षी ते पुस्तकं बांधण्याच्या दुकानात कामाला लागले आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत बसायचे. त्यात जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक हाती लागलं. एक शिक्षिका दोन मुलींशी गप्पा मारत विज्ञान सांगते, असं ते पुस्तक. पुढे १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेंनी त्याची टिपणं काढली, बांधली आणि थेट डेव्हींनाच पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी लागली.

सोप्या भाषेमुळे आपल्याला विज्ञानाचं दार उघडलं, हे ते विसरले नाहीत. तिथे मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली, त्यातल्या १९ मालिका एकट्या फॅरेडेंनी दिल्या. जळणाऱ्या साध्या मेणबत्तीवर त्यांनी अख्खी मालिका केली. चांगलं बोलता यावं म्हणून वक्तृत्वाचे धडे घेतले. बोलण्याचा वेग वाढला की सहाय्यक समोर ‘हळू’ लिहिलेलं कार्ड धरायचा.

तर, टेबल. फॅरेडेंनी प्रामाणिक माणसं निवडली, ज्यांना टेबल खरंच आपोआप फिरतं असं वाटायचं. हात आणि टेबल यांच्यामध्ये दोन पातळ फळ्या ठेवल्या, फळ्यांमध्ये काचेच्या गोल कांड्या. वरची फळी जराशी सरकली तरी तिला जोडलेली गवताची लांब काडी झुकायची. काडी दिसत नव्हती तेव्हा टेबल फिरलं आणि काडीने दाखवलं की आधी हात सरकतायत, मग टेबल. काडी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, तर टेबल हललंच नाही.

म्हणजे कुणी फसवत नव्हतं. टेबल फिरेल या अपेक्षेनेच हात नकळत ढकलत होते. हॉस्टेलवर प्लँचेट करताना वाटी सरकते, तोही हाच प्रकार.

फॅरेडेंनी हे ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून सांगितलं. एवढंच नाही, तर ते यंत्र रीजंट स्ट्रीटवरच्या एका दुकानात कुणालाही बघता येईल असं ठेवलं.

तरी अनेकांनी ऐकलं नाही. टेबलं फिरतच राहिली आणि फॅरेडे वैतागले. लोकांच्या भाबडेपणाने त्यांना खरा धक्का बसला होता. १८५४ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्यासमोर त्यांनी व्याख्यान दिलं, विषय होता मनाचं शिक्षण. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं त्यावरच आधी शंका घ्यायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. आणि या शिक्षणाची गरज आपल्यालाही आहे, हे त्यांनी तिथेच मान्य केलं.