लोखंडी नांगराचे किर्लोस्कर

आपल्या नार्नूर भागात किर्लोस्कर म्हटले की विहिरीवरचा पंप डोळ्यासमोर येतो. पण या नावाची सुरुवात पंपापासून झाली नाही, ती झाली नांगरापासून. ज्यांच्या घरी अजून काळ्या रानात पऱ्हाटी होते, त्यांच्या मुलांना या माणसाची माहिती असावी म्हणून हे लिहीत आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकात मन रमत नव्हते. आवड होती चित्रांची आणि यंत्रांची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे तिथे लक्षात आले. रंगकाम सुटले. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, म्हणून ते तिकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला, तेही एका अँग्लो-इंडियनाला, जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली. पक्की पगाराची नोकरी त्या काळी अशी सोडणे किती कठीण असेल, हे आम्हा नोकरदारांना वेगळे सांगायला नको.

बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान 1888 मध्येच सुरू झाले होते. लक्ष्मणराव आता तिथेच आले. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर.

आपल्याकडे तेव्हा लाकडी नांगर होता. तो माती चिरतो, उलटत नाही. हरळीची मुळे खालीच राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा डोके वर काढतात. लोखंडी नांगराचे वाकडे पाते मातीचे ढेकूळ पलटून टाकते, मुळे उन्हात वाळतात. फायदा उघड होता, तरी नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे गेली.

ही समजूत आज वेडगळ वाटते, पण मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. ज्याचे वर्षभराचे पोट एका पिकावर, तो नव्या वस्तूला भिणारच. लक्ष्मणरावांनीही दोष दिला नाही. परदेशी नांगराच्या मानाने तुमच्या फाळाचे टोक मऊ आहे, अशी तक्रार आली तेव्हा ते रागावले नाहीत, ओतकाम सुधारत बसले. टोक टिकू लागले तसा गिऱ्हाइकाचा विश्वासही बसू लागला.

एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि 10,000 रुपये कर्जही दिले. कुंडल रोड स्टेशनजवळचे ते 32 एकर माळरान होते. पाणी नाही, निवडुंग आणि साप भरपूर. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे सांगतो, हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. विस्थापित कारखाना, ओसाड जमीन, आणि आधीच्या मालाची विक्री म्हणावी तशी नाही. राजेसाहेबांनी कागद पाहिले नाहीत, माणूस पाहिला.

तर 1910 मध्ये निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी वसली. गावाची व्यवस्था रामुअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे, यंत्रे शंभूअण्णा जांभेकर यांच्याकडे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण कारागीर पक्के. राखणीला ठेवले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही शिक्षा भोगलेले. गुन्हेगार म्हणून ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्या हाती कारखान्याची रात्र सोपवली, आणि त्यांनी ती राखली. या वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. हे 1910 नंतरच्या काळातले आहे, हे लक्षात घ्यावे.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याचे यंत्र, पंप असा पसारा वाढत गेला. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव यांनी नंतर तेलावर चालणाऱ्या इंजिनांपर्यंत धंदा नेला. ती कथा वेगळी आणि मोठी आहे.

गांधीजींच्या हत्येनंतर 1948 मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. त्या वेळी लक्ष्मणराव 78 वर्षांचे होते. निवडुंग काढून उभे केलेले डोळ्यांदेखत जळताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, भट्ट्या पेटल्या.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आणि ज्या कुंडल रोड स्टेशनवर ते सामानसुमान घेऊन उतरले होते, त्या स्टेशनचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे.