इस्पितळाच्या आवारातली वाळू

फ्रान्समधल्या दिजाँ शहराला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्यायला धड पाणी नव्हते. विहिरींत वस्तीची घाण झिरपत असे. हेन्री डार्सी यांचा जन्म १८०३ मध्ये इथलाच. चौदाव्या वर्षी वडील गेले. पुढे सरकारी इंजिनीअर होऊन ते गावी परतले आणि १८४० मध्ये बारा किलोमीटरहून लांबच्या झऱ्याचे पाणी त्यांनी झाकलेल्या कालव्यातून शहरात आणले. मोबदला मात्र नाकारला.

नंतर प्रकृती इतकी ढासळली की ते नोकरीच्या कामातून मोकळे झाले. तरी १८५५-५६ मध्ये त्यांनी लोखंडी नळकांड्यात वाळू भरून तिच्यातून पाणी सोडले आणि ते मोजत बसले, तेही दिजाँच्या इस्पितळाच्या आवारात! पाणी गाळायच्या वाळूचा हिशेब त्यांना हवा होता. हाती आला तो भूजलाचा नियम.

जमिनीखाली बहुतेक ठिकाणी तळी किंवा नद्या नसतात. पाणी मातीच्या कणांमधल्या पोकळीत आणि खडकाच्या भेगांत साठते. पातळीतला फरक दुप्पट झाला की वाळूतला प्रवाह दुप्पट होतो. अंतर दुप्पट झाले की निम्मा. भरड वाळूतून पाणी भराभर जाते, चिकणमातीत जवळजवळ अडूनच राहते. शोषखड्ड्यातले दूषित पाणी शेजारच्या विहिरीत किती दिवसांत पोहोचेल, याचा अंदाज आजही याच नियमावरून बांधतात.

डार्सींनी तो १८५६ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात, परिशिष्टात छापला. ३ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये न्यूमोनियाने ते वारले. वय अवघे ५४.